गृहलक्ष्मी किती जुनी?

गेल्या जानेवारीत एका तालुक्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. सावित्रीबाईंच्या जयंतीचा आठवडा, त्यामुळे विषय ठरल्यासारखाच होता : ‘स्त्रीचे खरे स्थान, घर की घराबाहेर?’ नववीतली एक मुलगी बोलायला उभी राहिली. मुठीत घामाने ओली झालेली चिठ्ठी, पण आवाज खणखणीत. ती म्हणाली, हजारो वर्षे आपली स्त्री घराची लक्ष्मी होती, नवऱ्याची सखी होती, मुलांची पहिली गुरू होती; पश्चिमेचे वारे आले आणि ती घराबाहेर पडली. तिच्यानंतर आलेला मुलगा तितक्याच ठामपणे म्हणाला, हजारो वर्षे आपली स्त्री चूल आणि मूल यांत कोंडलेली होती. मग सुधारक आले आणि त्यांनी तिला हाताला धरून बाहेर काढले. दोघांनाही टाळ्या पडल्या. दोघांनीही ‘हजारो वर्षे’ म्हटले होते. गुणपत्रिकेवर आकडे लिहिताना माझे मन त्या दोन शब्दांपाशीच अडकून राहिले.

मुलांचा दोष नाही. मोठी माणसे हाच वाद याच शब्दांत घालतात. नोकरी सोडून घर सांभाळणाऱ्या बाईचे कुणी कौतुक करतो, कुणी तिची कीव करतो, आणि दोघेही साक्षीला ‘पूर्वीच्या बायका’ काढतात. या भांडणात दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत असते : नवऱ्याच्या पगारात टुकीने संसार करणारी, घर नीटनेटके ठेवणारी, मुलांना वळण लावणारी, थोडीफार शिकलेली आणि मर्यादेत राहणारी गृहिणी ही फार प्राचीन गोष्ट आहे. हेच मला मान्य नाही. ही गृहिणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पुण्या-मुंबईच्या पगारदार घरांत घडली. ती अगदी थोड्या घरांची होती. शाळा, छापखाना आणि न्यायालय यांच्या जोरावर ती पुढे सगळ्यांची ‘परंपरा’ होऊन बसली. आणि त्या काळातल्या कितीतरी बायकांना हे उघड दिसत होते. त्यांनी ते लिहूनही ठेवले. आपण मात्र त्यांचे फोटो भिंतीवर लावले आणि त्यांचे म्हणणे वाचायचे राहून गेले.

ती घडली कशी? त्याआधीच्या पांढरपेशा वाड्यात नवरा-बायको हे जोडपे संसाराचे केंद्र नव्हतेच. घर सासूचे, आतेसासूचे, एखाद्या विधवा नणंदेचे. दिवसाउजेडी नवऱ्याशी चार शब्द बोलणे म्हणजे निर्लज्जपणा. मूल आईचे असले तरी ते वाढायचे घराच्या हाती. आईने मुलाला सर्वांसमोर मांडीवर घेणेही अनेक घरांत बरे दिसत नसे. ‘मुलांची पहिली गुरू’ ही पदवी त्या सोळा वर्षांच्या सुनेला कुणी दिली असती? मग इंग्रजी अमलाची कचेरी आली, न्यायालये आली, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले. पदवी घेतलेल्या तरुणाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला आणि पगाराबरोबर बदली आली. वाड्यातून उठून परक्या गावी बिऱ्हाड करायचे, तर हिशेब ठेवील, पत्र वाचील, साहेबाच्या बायकोशी दोन शब्द बोलील अशी बायको हवी. मुनसफ, मामलेदार, शिक्षक, वकील यांच्या या बिऱ्हाडांतून ती जन्माला आली. तिच्या मागे पुराण नव्हते, नोकरी होती.

महादेव गोविंद रानड्यांचेच घर पाहा. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली तेव्हा रानडे एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. लग्नानंतर लगेच त्यांनी तिच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. ती शिकत होती रात्री, नवऱ्याच्या खोलीत. दिवसा माजघरात त्या शिकण्याची किंमत चुकवत होती. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे, अबोला, मुद्दाम दिलेली कामे हे सारे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, तेही फारसा कडवटपणा न ठेवता. मी ते वाचते तेव्हा प्रत्येक वेळी एक गोष्ट लक्षात येते. त्या वाड्यात परंपरा कुणाच्या बाजूला होती? टोमणे मारणाऱ्या सासवा-नणंदांच्या. नवऱ्याशी बरोबरीने बोलणारी, वाचणारी, सभेला जाणारी ‘सहचारिणी’ हीच तिथे नवी, उपरी, घर मोडायला निघालेली बाई होती. आज जिला आपण परंपरेची मूर्ती म्हणतो, तिला तिच्या काळात परंपरेने दाराबाहेर उभे केले होते.

इंग्लंडातही तेव्हा असेच चालू होते, हे लक्षात घेतले पाहिजे. १८५४ मध्ये कॉव्हेन्ट्री पॅटमोर या कवीने आपल्या कवितेत पत्नीला घरातली देवदूत केले आणि पुढच्या दोन पिढ्यांनी ती प्रतिमा डोक्यावर घेतली. पण त्याच इंग्लंडात पगारी काम करणाऱ्या बायकांचा सर्वांत मोठा धंदा होता दुसऱ्याच्या घरात मोलकरीण होणे. देवदूताचे हात स्वच्छ राहावेत म्हणून तळघरात कुणीतरी कोळसा उपसत होती. ही प्रतिमा मिशनऱ्यांच्या शाळांतून, क्रमिक पुस्तकांतून, भरतकामाच्या तासांतून आपल्याकडे पोचली आणि आपल्या पतिव्रतेच्या जुन्या कथांवर तिचे कलम झाले. कलम छान धरले. इतके, की मूळ झाड कुठले हे विसरायला झाले.

आता ‘आपली’ परंपरा म्हणजे कुणाची, हा प्रश्न. आमच्या घरी काही वर्षांपूर्वी चुलत्यांनी हौसेने वंशावळ छापून घेतली. चकचकीत कागद, मधोमध वडाचे झाड, फांद्यांवर नावे. माझी आत्या, तेव्हा ऐंशीच्या पुढची, चष्मा लावून बराच वेळ ती पाहत बसली आणि म्हणाली, “आजीचा पाट लागला होता, ते कुठे आहे?” बैठकीत शांतता पसरली. माझ्या पणजीचा पहिला नवरा पटकीच्या साथीत गेला होता आणि माझ्या पणजोबांशी तिचा पाट लागला होता. चार पिढ्या सांगितली जाणारी साधी गोष्ट. चुलते म्हणाले, “अगं, असलं लिहीत नाहीत.” आत्या म्हणाली, “का? ती पळून आली नव्हती, पंचांच्या समोर आली होती.” तिने बोटाने झाडाची फांदी दाबून धरली होती, जणू तिथून काहीतरी निसटत होते.

पाट आणि काडीमोड हे दोन शब्द मराठी मुलखातल्या बहुसंख्य जातींच्या रोजच्या व्यवहारातले होते. कुणबी, माळी, धनगर, सुतार, महार, कोळी, कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत होता, न पटलेला नवरा पंचांपुढे सोडता येत होता. त्यात बाई स्वतंत्र होती असे मी म्हणत नाही. पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान नसे, पंच पुरुषच असत आणि दंडही तिलाच पडे. पण ‘एकदा दिली ती दिली’ हा नियम सगळ्या समाजाचा कधीच नव्हता. तो मूठभर वरच्या जातींचा होता आणि एकोणिसाव्या शतकात तो आटण्याऐवजी पसरत गेला. ज्या घराला चार पैसे मिळाले, ज्या जातीला वर चढायचे होते, तिने पाट बंद केला, बायकांना पडद्यात घातले आणि त्याला ‘कुलीनपणा’ म्हटले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ही तक्रार लिहून ठेवली आहे.

कायद्यानेही याला हातभार लावला, तोही सुधारणेच्या नावाने. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण शाळेत मोठ्या अक्षरांत शिकतो. त्याच कायद्याचे दुसरे कलम सांगते, की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो. ज्या जातींत बाई पाट लावूनही रूढीने हक्क राखून होती, तिथेही तो गेला असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने पुढे लावला. म्हणजे ब्राह्मण विधवेला जे दार उघडले, त्याची चौकट इतर जातींच्या विधवेच्या वाट्याच्या लाकडातून बनली.

रखमाबाईंचा खटला तर यातला सगळ्यात बोलका. मुंबईची सुतार जातीतली मुलगी. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाली आणि तिने डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या आधी आपली मालमत्ता तिने मुलीच्या नावे करून दिली होती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी याच्याशी लावले गेले, पण ती आई आणि सावत्र वडिलांच्या घरीच राहिली, वाढली, वाचत गेली. १८८४ मध्ये दादाजीने न्यायालयात दावा लावला की बायकोने आपल्या घरी नांदायला यावे. ती म्हणाली, जाणार नाही. ज्या लग्नाला मी समजून संमती दिलीच नव्हती, ते माझ्यावर लादू नका. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि केसरीपासून अनेक पत्रांत हिंदू धर्म बुडाल्याचा गजर झाला. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन.

धर्मरक्षणाच्या नावाने ज्या हक्कासाठी एवढे रान उठले, तो ‘नांदायला आणण्याचा’ दावा मुळात कुठून आला होता? धर्मशास्त्रातून नव्हे. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला उपाय होता आणि ब्रिटिश न्यायालयांनी तो इथे आणून लावला. पिन्हे यांनी आपल्या निकालात हेच सांगितले होते. इतकेच नव्हे, त्या हुकमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये काढून टाकली होती. पुण्या-मुंबईत सनातनाचे रक्षण म्हणून जी काठी उगारली जात होती, ती इंग्लंडातल्या पाद्र्यांच्या घरची होती आणि तिथेही ती अडगळीत पडली होती. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. रखमाबाई लंडनला वैद्यक शिकल्या, परत आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी उभा जन्म बायकांच्या इस्पितळांत घालवला. तो चर्चचा उपाय मात्र गेला नाही. हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो आजही बसलेला आहे.

आणि ज्यांच्यापर्यंत ना वाडा पोचला ना बिऱ्हाड, त्यांचे काय? १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात एका मुलीचा निबंध छापून आला. नाव मुक्ता, मांग जातीची, फुले दांपत्याने पुण्यात काढलेल्या शाळेची विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना ती एके ठिकाणी सांगते, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, थंडी-पाऊस-वाऱ्यात त्यांना किती दुःख होत असेल. ही ओळ मी कितीतरी वेळा वाचली आहे. गृहिणीच्या सगळ्या चर्चेला आधी गृह लागते. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, त्यांना ‘घर की बाहेर’ हा प्रश्न कोणी आणि कसा विचारायचा? मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्यावर घाटावरून, कोकणातून आलेल्या बायका रिळांच्या खात्यात उभ्या राहून काम करू लागल्या. शतक संपताना गिरणी कामगारांत पाचातली एक तरी बाई होती. १८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांचे काम अकरा तासांवर आणले, त्यावरून आधी ते किती होते याचा अंदाज करावा. त्याच्या आदल्या वर्षी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुट्टीसाठी भरवलेल्या प्रचंड सभेत दोन कामगार बायका भाषणाला उभ्या राहिल्या होत्या. बालिकादिनाच्या किती भाषणांत त्यांचा उल्लेख होतो? घराबाहेर पडलेली पहिली बाई म्हणून आपण पदवीधर बाई शोधतो. डोक्यावर भारा घेऊन बाजाराला जाणारी, शेतात खुरपणारी, गिरणीचा भोंगा झाल्यावर धावणारी बाई कधी आत होतीच कुठे?

माझ्या या म्हणण्याला जे आक्षेप आहेत ते हलके नाहीत. पहिला आणि सर्वांत वजनदार असा : ही नवी गृहिणी नवी असली, थोड्यांची असली, तरी ती आधीपेक्षा पुढचे पाऊल नव्हती का? केशवपन, बालविवाह, अक्षरशत्रुत्व यांच्यापुढे ‘शिकलेली सहचारिणी’ हा आदर्श सुटकेचाच होता. हे मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. रानड्यांनी पाटी दिली नसती तर रमाबाई पुण्याच्या सेवासदनातून परिचारिका आणि शिक्षिका घडवणाऱ्या रमाबाई झाल्या नसत्या. दुसरा आक्षेप : बायकांनाच तो आदर्श हवा होता, त्यांच्या तोंडी आपण आपले शब्द घालू नयेत. हेही खरे. पंडिता रमाबाईंचे पहिले मराठी पुस्तक ‘स्त्रीधर्मनीति’ १८८२ मध्ये निघाले. त्यात घर कसे ठेवावे, पतीशी कसे वागावे, मुले कशी वाढवावी याचाच उपदेश आहे. विधवा झालेली, शास्त्रार्थ करणारी, हजारोंच्या सभा जिंकणारी ही बाई इतर बायकांना गृहकृत्ये शिकवत होती आणि ते ढोंग नव्हते.

पण पुढे काय झाले ते पाहा. त्या पुस्तकाच्या विक्रीतून जमलेल्या पैशावर पंडिता रमाबाई १८८३ मध्ये बोटीत बसून इंग्लंडला गेल्या. त्याच १८८२ साली त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला होता आणि शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात, बायकांना बायका डॉक्टर हव्यात असे बजावले होते. घर नीट चालवायचे तर आईला शिकवा. आईला शिकवायचे तर शिक्षिका घडवा. बाळंतिणी वाचवायच्या तर बाई डॉक्टर हवी. एकेक पायरी घराच्या नावानेच चढलेली. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत अमेरिकेला जाण्याची कारणे सांगितली, तीही अशीच होती : हिंदू बायकांसाठी हिंदू बाई डॉक्टर हवी, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. या बायकांनी आदर्श नाकारला नाही, त्याला शिडी केले. म्हणून बायकांना तो हवा होता हे म्हणणे अर्धे बरोबर आहे. त्यांना तो थांबण्यासाठी नको होता.

आणि शिडी धरणाऱ्यांनी ती कधी ओढून घेतली, हेही सांगायला हवे. १८८४ मध्ये पुण्यात रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल निघाले, तेच आजचे हुजूरपागा. केसरीने त्याच्या अभ्यासक्रमावर सडकून टीका केली. इंग्रजी आणि इतर विषय कशाला, शिवण-टिपण, स्वयंपाक, धर्म शिकवा. शाळेची वेळही थोडी ठेवा, म्हणजे मुली घरकामाला मोकळ्या राहतील. टिळकांची देशभक्ती मला शंकास्पद नाही, त्यांची ही भूमिका आहे. ‘गृहिणीला शिक्षण हवे’ हे वाक्य ‘गृहिणीपुरतेच शिक्षण हवे’ असे व्हायला तीन वर्षेसुद्धा लागली नाहीत.

घराच्या आत काय चालले होते? गोपाळराव जोशी हे बायकोला शिकवणारे नवरे म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या हट्टाशिवाय आनंदीबाई फिलाडेल्फियाला पोचल्या नसत्या, मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या नसत्या. पण अमेरिकेतून आनंदीबाईंनी त्यांना लिहिलेल्या एका पत्रात लहानपणीचा हिशेब आहे : लाकडाने मारलेले, खुर्च्या आणि पुस्तके फेकून मारलेली, सोडून जाण्याच्या धमक्या, आणि हिंदू बाईला नवऱ्यापुढे ब्र काढण्याची सोय नाही, म्हणून सोसले. पुढच्या वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने ती पुण्यात गेली. सहचारिणी घडवायची, पण कच्चा माल म्हणून. घडवणाराच ठरवणार किती आणि कशी. हा दोष एका नवऱ्याचा नाही. ज्या आदर्शात एकजण शिल्पकार आणि दुसरी दगड असते, त्यात हातोडा कुठे पडेल याची हमी कोण देणार?

तिसरा आक्षेप मी नेहमी ऐकते : आजच्या मोजपट्टीने त्या काळाला मोजू नका. बरे, आजची मोजपट्टी बाजूला ठेवते. त्या काळची घेते. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली, आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणे सुरू झाले. ते वाचून ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. जिल्हा कचेरीतल्या नोकरदाराची मुलगी, मराठा घरच्या कोंडीत वाढलेली. तिने विचारलेला एक प्रश्न असा : सावित्री नवऱ्याचे प्राण आणायला यमाच्या दारापर्यंत गेली, बायकोचे प्राण आणायला त्या वाटेवर एखादा तरी पुरुष गेल्याचे कुणी ऐकले आहे का? तुम्ही पुरुषांनी पोशाख बदलला, खाणेपिणे बदलले, साहेबाची नोकरी धरली. मग सगळा धर्म सांभाळायचा तो आम्हीच का? ही आजची मोजपट्टी नाही. ही १८८२ सालची, बुलढाण्याची आहे. तिच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पत्राच्या अंकात तिची बाजू घेतली. तिने दुसरे पुस्तक लिहिले नाही. पहिले विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत नव्वद वर्षांहून अधिक काळ मराठी वाचकाला त्याचा पत्ता नव्हता. काळाची मोजपट्टी कोणती हे ठरवताना आपण कुणाचे आवाज हरवले होते, हे आधी पाहायला नको का?

घरालाच नाव ठेवायचे, असे मला म्हणायचे नाही. उलट त्याच काळात घराची आणखी एक कल्पना मांडली गेली होती आणि तीच आपण सर्वांत कमी आठवतो. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या लग्नातल्या मंगलाष्टकांत वधू गप्प उभी राहत नाही. ती वराला म्हणते, आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव कधी आलाच नाही, तो अधिकार देण्याची शपथ घे. आणि वर ती शपथ घेतो, सर्वांसमोर, अक्षता पडण्याआधी. सावित्रीबाईंचे स्वतःचे घर याच कल्पनेवर उभे होते. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे त्या घरात झाली. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, धरून त्या पुढे चालल्या. १८९७ च्या प्लेगात त्या आजाऱ्यांची शुश्रूषा करत गेल्या. यातले घरातले किती आणि घराबाहेरचे किती, हे मला वेगळे काढून दाखवावे. या बाईच्या जयंतीला आपण मुलांना ‘घर की घराबाहेर’ असा विषय देतो, याचे मला वाईट वाटते.

त्या काळच्या बायकांचे प्रश्न निराळेच होते आणि अधिक नेमके होते. नांदायचे की नाही हे कोण ठरवणार? मालमत्ता कुणाच्या नावावर राहणार? मी काय आणि किती शिकावे याची हद्द कोण आखणार? धर्म सांभाळण्याचे काम एकाच बाजूच्या अंगावर का? आज नोकरी करणारी आणि न करणारी अशा दोन बायका समोरासमोर उभ्या करून आपण भांडण लावतो, तेव्हा हे चारही प्रश्न दोघींच्याही पाठीमागे तसेच पडलेले असतात. नोकरीवरून आलेलीला स्वयंपाकघरात जावे लागते आणि घरी असलेलीला सात-बाऱ्यावर नाव नसते.

स्पर्धा संपल्यावर ती नववीतली मुलगी माझ्याकडे आली. तिला दुसरा क्रमांक मिळाला होता आणि तिला कारण हवे होते. मी म्हटले, तुझे बोलणे छान होते, ‘हजारो वर्षे’ एवढेच मला पटले नाही. तेवढ्यात तिची आई तिला न्यायला आली. कापडाच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलेली, खांद्यावर डब्याची पिशवी. मुलीने विचारले, “मग मी काय वाचू?” माझ्या पिशवीत मुक्ताच्या निबंधाची झेरॉक्स होती, ती तिला दिली. तिने उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली आणि छपराच्या ओळीपाशी थांबली. “ही किती वर्षांची होती, बाई?” मी म्हटले, “तुझ्याएवढीच.” तिच्या आईने वाकून कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, “मोठ्याने वाच ना, मलाही ऐकू दे.”